तेलाचा वानवळा

"बा देवा म्हाराजा, ही बाय पुण्यासून इली आसा," गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं. "तिच्याकडे तेल आसा. अंगाक लावला तर गोचीड चावूचो नाय, असा ती म्हणता. तेल पुरता एकाच वाडीक. तर म्हाराजा, भोमवाडीक देवचा तर उजवो कौल दी, पाणंदवाडीक देवचा तर डावो दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"पुरत नाही म्हणून नाही हो," माझ्या शेजारी चपला काढून उभ्या असलेल्या पाठारे मॅडम हळूच म्हणाल्या. "पुरलं असतं तरी यंदा एकाच वाडीला दिलं असतं. दोन्हीकडे दिलं तर तेलानं गुण आला की नाही, कळणार कसं?"

"मॅडम, आता मध्ये बोलू नका."

"पण ते चुकीचं सांगतायत."

मॅडमना खोटं बोलता येत नसे आणि दुसऱ्यानं बोललेलं सोसवत नसे. खरं तर त्या पुण्याहून चिठ्ठ्या करून आल्या होत्या. कुणाला तेल, कुणाला नाही, ते चिठ्ठीवर ठरवायचं. पण गावकरी म्हणाले, चिठ्ठी उचलणारा हात माणसाचा, देवाला विचारा. मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "फूल उजवीकडे पडायची आणि डावीकडे पडायची शक्यता सारखीच ना? गुरव एखादं सैल नाही ना लावत?" मी म्हटलं, "नाही लावत, पण हे पुन्हा मोठ्यानं विचारू नका." त्यांचं समाधान झालं. त्यांना देव नको होता, पण देवाचा निष्पक्षपणा चालणार होता.

पाण्यात भिजवलेली फुलं पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवलेली होती. सगळे बघत होते. उजवं पडलं.

तेल भोमवाडीला. म्हणजे आम्हांला. माझ्या आईनं डोळे मिटून हात जोडले. पाणंदवाडीच्या बायकांत माझी धाकटी बहीण कुंदा उभी होती. ती वाडी तिचं सासर. दोन वाड्यांच्या मध्ये फक्त एक व्हाळ, म्हणजे ओढा, आणि त्यावरचा सुपारीच्या खोडांचा साकव. ती तिथूनच आईकडे बघत म्हणाली, "देवसुद्धा माहेरवाल्यांचोच गो! जावंदे. आवशीकडे इला म्हणजे माज्याकडे इलाच."

बायका हसल्या. मॅडमही हसल्या. त्यांना वाटलं, ही मनाचं समाधान करून घेतेय.

माकडताप आमच्याकडे आदल्या वर्षी आला. आधी रानात माकडं मरून पडली, मग काजूला आणि पातेऱ्याला जाणारी माणसं तापली. पातेरा म्हणजे रानातला वाळका पाला. गोठ्यात अंथरायला लागतो, भाताच्या रोपांचा तरवा भाजायला लागतो. तो बायकांनीच आणायचा असतो. पाला उचलला की पुरुषांची कंबर धरते. त्या पाल्यात तिळाएवढे गोचीड बसलेले असतात. मेलेल्या माकडावरून उतरलेले, दुसऱ्या अंगाची वाट बघणारे. चावलेलं कळतही नाही. मग ताप, डोकं फुटेल अशी कळ, आणि नशीब फिरलं तर हिरड्यांतून रक्त. आदल्या वर्षी दोन्ही वाड्यांतली माणसं गेली होती. औषध नव्हतं. होतं ते एवढंच की गोचीड चावू द्यायचा नाही.

मी तेव्हा आईकडे राहत होते. नवऱ्यानं मला परत पाठवलं त्याला बरीच वर्षं झाली होती. कारण सांगितलं नव्हतं. मला वाटतं, मी चण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकायचे, ते त्याच्या डोक्यात जायचं. शाळा सातवीला सुटली तरी वाचायची खोड सुटली नाही. मॅडम पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा मी त्यांच्या खोक्यावरची इंग्रजी अक्षरं जुळवत बसले होते. त्यांनी विचारलं, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "इथेच, आत्ताच." त्यांनी मला कामावर घेतलं.

काम सोपं होतं. पांढरं फलाणीचं कापड काठीला बांधायचं आणि रानातल्या पाल्यावरून ओढत जायचं. गोचिडांना वाटतं जनावर आलं. ते कापडाला लटकतात. मग ते चिमट्यानं टिपून नळीत घालायचे. आई म्हणायची, "लोक दर्यात जाळी ओढतत, माजी लेक रानात फडकी ओढता."

मॅडम चाळिशीच्या होत्या. लग्न केलं नव्हतं. पुण्याच्या त्यांच्या संशोधन संस्थेतल्या हुशार लोकांनी मोठमोठे रोग वाटून घेतले, उरलेला त्यांना मिळाला, असं त्या सांगायच्या. "मागून मला गोचीडबाई म्हणतात. पुढून म्हणायला लाजतात, एवढंच. बाकी नाव बरोबर आहे." तेल त्यांच्याच खटपटीनं तयार झालं होतं, पण गुण येतो हे दाखवल्याशिवाय सरकार ते गावोगाव वाटणार नव्हतं. आणि त्यांच्या साहेबांनी बजावलं होतं की हा मोसम शेवटचा. यंदा काही दिसलं नाही तर मॅडमना दुसऱ्या कामावर बसवणार आणि तेल जाणार कपाटात, कायमचं.

माघ संपता संपता मॅडम गोंधळल्या. भोमवाडीत तेल लावत होते तरी थोडा ताप होता. पाणंदवाडीत तेल नव्हतं तरी थोडाच ताप होता.

"असं कसं होईल?" त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या.

मी नळ्या मोजत राहायचे. मला वाटायचं, यांना माहीत असणार. कुणाला माहीत नसेल?

कळलं ते कुंदाच्या पडवीत. आम्ही पाणंदवाडीत रक्ताचे नमुने घ्यायला गेलो होतो. कुंदानं हात पुढे केला आणि मॅडम सुई हातात धरून तशाच थांबल्या. त्यांनी तिच्या मनगटाचा वास घेतला. त्या तेलाला कापरात रॉकेल सांडल्यासारखा कडवट वास होता, लपणारा नव्हे.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?"

"माहेरसून!" कुंदा उठली, आत गेली आणि केसांच्या तेलाची जुनी बाटली घेऊन आली. अर्धी भरलेली. "आवस दर खेपेक धाडता."

"माका भावजयीन दिल्यान," शेजारची म्हणाली.

"माजी आवस तर अर्ध्यापेक्षा जास्त देता," तिसरी म्हणाली. "स्वतः फक्त पायांक लावता."

बघता बघता पडवीत बाटल्यांची रांग लागली. कुणाचं माहेर किती मोठ्या मनाचं, याची चढाओढ. पाणंदवाडीतल्या जवळजवळ सगळ्या सुना भोमवाडीच्याच लेकी. आमच्याकडे घरात काही नवं आलं, पहिला फणस असो की पहिलं भात, की त्याचा वानवळा आधी सासरी दिलेल्या लेकीकडे जातो. तिला दिल्याशिवाय खाल्लं तर अन्न अंगी लागत नाही. तेलही नवंच होतं.

मॅडम आधी खूप हसल्या. मग पायरीवर बसल्या. मग बराच वेळ हसल्या नाहीत.

येताना साकवावर म्हणाल्या, "वैजयंती, दोन्हीकडे अर्धं अर्धं तेल. दोन्हीकडे अर्धा अर्धा ताप. मी पुण्यात काय सांगणार? फरक दिसत नाही. आणि ते म्हणतील, बरोबर, तेल कुचकामी आहे."

"पण गेल्या वर्षापेक्षा ताप कमी आहे ना?"

"गेल्या वर्षी गोचीड जास्त असतील, असं म्हणतील. मी त्यांच्या जागी असते तर मीही म्हटलं असतं."

त्या तशाच आमच्या घरी आल्या. आई चुलीपुढे होती.

"काकू, तेल कुंदाला पाठवू नका."

"बरा."

"नक्की ना?"

"होय तर. बस, च्या घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाटलीतून बाटलीत तेल ओतत होती.

"अगं, तू बरं म्हणालीस ना त्यांना?"

"पावण्याच्या तोंडार नाय कसा म्हणूचा?" आई म्हणाली. "तिका काय समजता? लेकीक उपाशी ठेवन कोण जेवता?"

मग मॅडमनी बाटल्या परत घेतल्या. रोज सकाळी देवळाच्या अंगणात त्यांच्यासमोर तेल लावायचं, असं ठरलं. मी बायकांच्या ओंजळीत ओतायचे, त्या हातापायांना चोळायच्या. घरी न्यायला थेंब नाही.

त्यावर बायकांनी उपाय काढला, तो मी जन्मात विसरणार नाही. तेल चोळून झालं की त्या थेट व्हाळावर जायच्या. पलीकडून लेकी यायच्या. मग आया लेकींना पोटाशी धरायच्या, आपले ओले दंड त्यांच्या दंडांवर घासायच्या, पोटऱ्यांना पोटऱ्या लावायच्या. रोज रोज भेट. बघणाऱ्याला वाटावं, या लेकी सात समुद्रांपलीकडून आल्यात.

मॅडम साकवाच्या तोंडाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"किती सुंदर आहे हे," त्या म्हणाल्या. "आणि माझं सगळं संपलं."

दुपारी त्या एकट्याच गुरवाच्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी तेलाच्या वेळी दोन्ही वाड्यांना देवळात बोलावणं गेलं. मॅडम गाभाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"कौल कुणी दिला होता?"

"देवान," लोक म्हणाले.

"कुणाला?"

"भोमवाडीक."

"मग देवानं भोमवाडीला दिलेलं तुम्ही पाणंदवाडीला का देता?"

मॅडमच्या बोलण्यात खोटं एक अक्षर नव्हतं. गुरव पुढे झाला आणि त्यानं गाऱ्हाणं घातलं की तुझा कौल आमच्या हातून मोडला, म्हाराजा, लेकरांची चूक पोटात घाल. यापुढे जो मोडील त्याचं तू बघ. "व्हय म्हाराजा" म्हणताना आईचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. पाणंदवाडीच्या लेकीसुद्धा "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. कुंदाही म्हणाली.

मॅडमना आई भीत नव्हती, सरकारला भीत नव्हती. त्या दिवसापासून ती ओल्या अंगानं व्हाळाकडे फिरकली नाही. पुरुषांना तर कामच मिळालं. आळीपाळीनं ते साकवाच्या तोंडाशी बसायला लागले आणि आपल्याच आयांना हटकायला लागले. "खंय चललंस? हात बघूया." पातेरा उचलताना धरणारी कंबर इथे दिवसभर ताठ असायची.

कुंदा एकदा काठावर येऊन ओरडली, "काय गो आवशी, माहेर आटला काय?"

आईनं तोंड फिरवलं.

"बरा, तेल नको! नुसती ये तरी!"

आई तीही गेली नाही. आपल्या अंगाला लागलेलं चुकून तिच्या अंगाला लागेल आणि देव लेकीचं बघेल, ही तिची भीती.

मी मॅडमना रानात गाठलं. कापडाचं एक टोक माझ्या हातात, एक त्यांच्या.

"मॅडम, तुमचा देवावर विश्वास नाही."

"नाही."

"मग?"

"त्यांचा आहे." त्या चालत राहिल्या. "मला माहीत आहे मी काय केलं. मला ते आवडलेलं नाही."

"कुंदाला एक बाटली द्या. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल." थोड्या वेळानं थांबल्या. "तुझ्या बहिणीला दिली, तर तिच्या जावेला का नको? जावेला दिली तर शेजारणीला? मग आपण पुन्हा होतो तिथे. तेल कपाटात. डोंगराच्या पलीकडे गावं आहेत, वैजयंती. त्यांच्यापलीकडे आणखी आहेत. तिथल्या बायका पातेरा आणणारच आहेत, या वर्षी, पुढच्या वर्षी, दर वर्षी. त्यांना मी काय सांगू? की तेल होतं, पण मला एका पडवीत नाही म्हणवलं नाही?"

"मग कुंदानं रानात जाऊ नये, एवढं तरी सांगा."

"ते मी सगळ्यांना सांगतेच आहे. पहिल्या दिवसापासून."

ते खरं होतं. आणि ऐन काजूत, गोठ्यात दोन म्हशी असताना, कुंदाची सासू काय म्हणाली असती तेही मला माहीत होतं. आम्ही पुन्हा कापड ओढायला लागलो.

फाल्गुनात पाणंदवाडी तापली. एका घरात एक, शेजारच्या घरात दोघं. भोमवाडीत जवळपास कुणीच नाही. मॅडम रात्रंदिवस पाणंदवाडीत. पेज भरवायच्या, कपाळावर पट्ट्या ठेवायच्या, स्वतःच्या जीपनं माणसं तालुक्याला पोचवायच्या. असं कोण करतं? आणि प्रत्येकाचं रक्त घ्यायच्या.

होळीच्या आसपास कुंदाला ताप भरला. चौथ्या-पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा तिला तालुक्याच्या दवाखान्यात हलवलं. मी तिच्याजवळ होते. आई आली नाही. ती देवळात बसून होती, अन्नपाणी सोडून.

मॅडम सुई घेऊन आल्या. कुंदानं आपण होऊन हात पुढे केला.

"घेवा. ह्यातून तुमका कळतला मा?"

"हो."

"काय कळतला?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं ना, त्यांना खोटं बोलता येत नसे.

"की तेल लावलं असतं तर बहुतेक तुम्हांला हा ताप आला नसता."

कुंदानं विचार केला. "मगे आता द्या."

"आता उपयोग नाही हो, कुंदाताई."

"असा," कुंदा म्हणाली, आणि रक्त नळीत चढताना बघत राहिली.

मॅडम गेल्यावर तिनं मला जवळ बसायला सांगितलं. तिचे ओठ काळे पडले होते. "आवशीक देवाचो भय," ती म्हणाली. "तुका कोणाचो होतो? तू तर देवाक पण वाचून मगे टाकतंस."

"मला कुणाचं भय नव्हतं."

"मगे?"

"मला मॅडमचं पटलं होतं, कुंदा."

तिनं खूप वेळ माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी मी काहीतरी वाचून दाखवताना बघायची, तसं.

"माका समजावन सांग बघया."

मी सांगितलं. दोन वाड्या. एकीला द्यायचं, एकीला नाही. मध्ये काही मिसळलं की दोन्ही सारख्या दिसतात. मग डोंगरापलीकडची गावं. मला आठवतंय, मी अगदी सावकाश, एकेक पायरी धरून सांगितलं, सोप्या शब्दांत. ती मध्ये एकदा "हां" म्हणाली. शेवटाला आले तेव्हा तिचे डोळे मिटले होते.

"नीट सांगतंस गो तू," ती म्हणाली. "शाळेत बाई होवक होयी होतंस."

ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पुढच्या थंडीपासून तेल सगळ्या गावांना मिळायला लागलं. डोंगराच्या पलीकडेही, त्यापलीकडेही. ताप अजून येतो, पण माणसं पूर्वीसारखी जात नाहीत. मॅडमचं नाव झालं. मोठमोठ्या सभांना त्यांना बोलावतात, गोचीडबाई आता कुणी मागूनही म्हणत नाही. एकदा त्यांनी मला पुण्याला नेलं, पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर आमच्या दोन वाड्यांचा नकाशा आला. मध्ये व्हाळाची निळी रेघ. अलीकडे जवळजवळ कोरं, पलीकडे लाल ठिपके. इतका स्वच्छ फरक क्वचितच बघायला मिळतो, असं शेजारचे गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाले. मी कुंदाचा ठिपका शोधत होते. सगळे सारखेच काढलेले होते.

मला ते तेव्हा पटलं होतं. आजही पटतं. कुणी विचारलं तर मी पुन्हा तसंच समजावून सांगेन, एकेक पायरी धरून. आईला मी ते कधी सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. ती म्हणायची, देवाचा कौल आपण मोडला होता, त्याचं देवानं बघितलं.

मॅडम पुण्याला परत निघाल्या तो दिवस कुंदाच्या बाराव्यानंतरचा. मोसम संपला होता, जीप घरापुढच्या खळ्याबाहेर उभी होती. त्या निरोप घ्यायला आल्या. ओटीवर बसल्या. आईनं त्यांना चहा दिला. मग वाटेत खायला म्हणून भाकऱ्या बांधून दिल्या, वर चटणी. मॅडमनी पुडकं घेतलं. त्या आईच्या पाया पडायला वाकल्या. आईनं त्यांना मध्येच धरलं, उठवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"बाय," आईनं विचारलं, "तुजा काम झाला मा?"

तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं. इतक्या लांबून आलेली, एकटी राहणारी, उन्हातान्हात रान तुडवणारी बाई रिकाम्या हातानं तर परत जात नाही ना. मी मॅडमकडे बघितलं आणि मनात म्हटलं, आयुष्यात एकदा, फक्त आत्ता, नाही म्हणा.

मॅडमनी आईच्या डोळ्यांत बघितलं.

"झालं, काकू," त्या म्हणाल्या. "खूप चांगलं झालं."